गावच्या पाटीवरील नाव

वऱ्हाड, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांचा आजचा अमरावती महसूल विभाग, देशाच्या सीमेपासून शेकडो कोस दूर आहे आणि येथे दहशतवादी हल्ल्यांतील मृतांचे स्मारक उभे राहते ते मृताच्या गावी. हल्ल्याची जागा आणि स्मारकाची जागा अशी निराळी असल्यामुळे या स्मारकांचे काम मुंबईतील स्मारकांहून बरेच वेगळे होते. गिरगाव चौपाटीवर पोलीस दलातील तुकाराम ओंबळे यांचा पुतळा पाहणाऱ्याला त्यांनी मुंबईवरील नोव्हेंबर २००८ मधील हल्ल्याच्या रात्री हल्लेखोराची बंदूक धरून ठेवली ती जागा समोरच दिसते, आणि ताजमहाल हॉटेलातील ३१ मृतांच्या नावांचा फलक ज्या वास्तूत आहे त्याच वास्तूत ती माणसे मृत्यू पावली. तेथे जागाच पाहणाऱ्याला अर्धेअधिक सांगून टाकते. वऱ्हाडातील गावात मात्र बसस्टँडच्या कडेला किंवा शाळेच्या आवारात उभ्या केलेल्या दगडाला ही मदत मिळत नाही, आणि म्हणून गावातून गेलेला माणूस कोण होता, हे सगळे त्या दगडावरील मजकुरालाच सांगावे लागते.

गेल्या दशकातील दोन मोठ्या हल्ल्यांच्या याद्यांत वऱ्हाडातील गावे आली. १८ सप्टेंबर २०१६ रोजी पहाटे जम्मू-काश्मीरमधील उरी येथील लष्करी तळावर चार दहशतवाद्यांनी हल्ला केला, तेव्हा तेथे एका तुकडीची जागा दुसरी तुकडी घेत होती, जवान तंबूंत राहत होते आणि तंबूंना लागलेल्या आगीमुळे मृतांची संख्या वाढून १९ वर गेली. महाराष्ट्रातील चार गावे या यादीत होती आणि त्यांपैकी दोन वऱ्हाडातील: अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर आणि यवतमाळ जिल्ह्यातील वणीकडचे पुरड. पुढे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा जिल्ह्यातील लेथपोरा येथे, जम्मू-श्रीनगर महामार्गावरून ७८ वाहनांतून अडीच हजारांहून अधिक जवान नेणाऱ्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यातील बसवर स्फोटकांनी भरलेली मोटार आदळवण्यात आली आणि ४० जवान मृत्युमुखी पडले. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील दोघे होते, लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड आणि मलकापूरचे संजय राजपूत.

राष्ट्रीय पातळीवर या दोन हल्ल्यांतील मृतांची नोंद एका ठिकाणी होत नाही, ही गोष्ट गावपातळीवर काम करणाऱ्यांना उशिरा कळते. सैन्यदलातील जवानाचे नाव दिल्लीत इंडिया गेटजवळील राष्ट्रीय युद्ध स्मारकात ग्रॅनाइटच्या स्वतंत्र पाटीवर कोरले जाते. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी, म्हणजे पुलवामाच्या घटनेनंतर अकरा दिवसांनी, खुले झाले आणि त्यात २५ हजारांहून अधिक नावे आहेत. केंद्रीय राखीव पोलीस दल हे गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील पोलीस दल असल्यामुळे त्यातील जवानांची जागा चाणक्यपुरीतील राष्ट्रीय पोलीस स्मारकात असते, ज्याचे उद्घाटन २१ ऑक्टोबर २०१८ या पोलीस स्मृतिदिनी झाले. गावात हा भेद कोणी पाळत नाही. गावाच्या दृष्टीने दोघेही जवानच, दोघेही तिरंग्यात गुंडाळून आलेले, आणि एखाद्या गावाने दोघांसाठी एकच चौथरा बांधायचे ठरवले तर त्यात विसंगत असे काहीच नाही. गावाची ही समज योग्यच आहे, असे या कामात काही काळ घालवल्यावर ठामपणे म्हणावेसे वाटते.

लेथपोऱ्याच्या तळावर १४ फेब्रुवारी २०२० रोजी ४० जवानांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले, तेव्हा एका मराठी माणसाच्या श्रमामुळे दूरच्या गावांचा आणि हल्ल्याच्या जागेचा प्रत्यक्ष संबंध जोडला गेला. मूळचे औरंगाबादचे आणि बंगळुरूत राहणारे संगीतकार उमेश गोपीनाथ जाधव यांनी देशभर सुमारे ६१ हजार किलोमीटरचा प्रवास करून चाळीसही जवानांच्या घरची व अंत्यसंस्काराच्या जागेची माती गोळा केली आणि त्या मातीचा कलश त्या दिवशी स्मारकासाठी सुपूर्द केला. बुलढाणा जिल्ह्याची मातीही त्यात आहे. शासनाने नेमलेला माणूस नसताना, एकेका घराचा पत्ता शोधत, एकेका आईवडिलांसमोर बसून केलेले हे काम स्मारकाच्या बांधकामापेक्षा कमी मोलाचे मानता येत नाही, आणि गावोगावच्या छोट्या स्मारकांमागेही याच जातीचे, घरी जाऊन विचारण्याचे काम असते.

प्रस्तुत लेखनाला आधार आहे तो अशाच छोट्या स्मारकांसाठी मजकूर तयार करणे, तो तपासून घेणे आणि दगडावर उतरेपर्यंत त्याच्या मागे राहणे या कामाचा. हे काम कोणत्याही एका खात्याचे नसते. सरपंच आणि ग्रामसेवक ठराव करतात, माजी सैनिकांची संघटना वर्गणी गोळा करते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागदपत्रे पुरवते, शाळेतील शिक्षक शुद्धलेखन पाहतात, आणि या सगळ्यांच्या मधला दुवा म्हणून कोणीतरी एक जण अमरावतीला किंवा अकोल्याला दगडाच्या दुकानात खेटे घालतो.

सुरुवात बहुधा फ्लेक्सने होते. पार्थिव गावात येते त्या दिवशी चौकात लागलेला फ्लेक्स हेच गावाचे पहिले स्मारक असते, आणि त्यावर घाईने टाकलेला फोटो, घाईने लिहिलेले नाव व खाली शोकाकुल म्हणून छापलेल्या नावांची लांबलचक रांग असे त्याचे रूप असते. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात फ्लेक्सवरचा लाल रंग आधी उडतो, मग चेहरा निळसर पडतो, आणि पहिल्या पावसाळ्याच्या वाऱ्यात कापड फाटते. फ्लेक्स फाटला की गावात पक्क्या स्मारकाची बोलणी सुरू होतात, असे अनेक ठिकाणी दिसते, आणि त्या बोलण्यांत घाई असते ती फाटक्या चेहऱ्याकडे रोज पाहवत नसल्यामुळे.

जागेचा प्रश्न तुलनेने लवकर सुटतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते व पदपथांवर पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये असा आदेश दिल्यापासून रस्त्याच्या मधोमध स्मारक उभारता येत नाही, आणि पुतळा म्हटला की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पोलिसांचे ना-हरकत व मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता अशा पायऱ्या येतात. त्यामुळे बहुतेक गावे शाळेचे आवार किंवा ग्रामपंचायतीची मोकळी जागा निवडतात आणि पुतळ्याऐवजी चौथरा, ध्वजस्तंभ व नावाचा फलक यांवर समाधान मानतात. वरकरणी ही तडजोड वाटते, परंतु फलकाला पुतळ्याहून एक मोठा फायदा आहे: गावच्या मूर्तिकाराच्या हातून चेहरा हुकला तर घरच्यांना तो आयुष्यभर परका वाटतो, नाव मात्र नीट कोरता येते.

बांधकामाचा खरा कस लागतो तो जमिनीत. वऱ्हाडची काळी कापसाची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात, म्हणून तिच्यावर थेट ठेवलेला चौथरा दोन-तीन वर्षांत एका बाजूने कलतो आणि त्यावरच्या फरशीला तिरपी चीर जाते. काळी माती काढून टाकून मुरूम लागेपर्यंत खणणे आणि खड्डा मुरमाने भरून, पाणी मारून, धुम्मस करून घट्ट करणे हा त्यावरचा जुना उपाय आहे. तो महाग नाही, पण त्याला वेळ लागतो, आणि उद्घाटनाची तारीख आधी जाहीर झालेली असली की नेमका हाच वेळ कापला जातो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात आणखी एक अडचण असते. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव या तालुक्यांतून जाणारा खारपाणपट्टा, म्हणजे ज्या पट्ट्यातील भूगर्भातील पाणी खारट आहे असा भाग, येथे बोअरचे पाणी सिमेंट काँक्रिटला मारले तर काही महिन्यांत चौथऱ्यावर पांढरा लोणा फुटतो आणि आतील लोखंड गंजू लागते. अशा गावांत गोडे पाणी टँकरने आणणे आवश्यक असते, आणि ज्या गावात पिण्यालाच गोडे पाणी पुरत नाही तेथे स्मारकासाठी टँकर मागणे सरपंचाला जड जाते. लोकांचा अनुभव असा की गाव नकार देत नाही. पण मागणाऱ्याने ते पाणी एक थेंबही वाया जाऊ न देता वापरले पाहिजे.

या साऱ्यापेक्षा अधिक काळजीचे काम नावाचे आहे. हल्ल्यानंतर प्रसारमाध्यमांकडे जी यादी येते ती सेवापुस्तकातील नोंदींवरून तयार केलेली असते, आणि सैन्याच्या नोंदींत महाराष्ट्रातील नावे कशी बदलतात हे उरीच्या यादीत स्पष्ट दिसले. सातारा जिल्ह्यातील जाशीचे चंद्रकांत शंकर गलांडे त्या यादीत ‘जी शंकर’ झाले होते आणि नाशिक जिल्ह्यातील खडांगळीचे संदीप सोमनाथ ठोक ‘टी एस सोमनाथ’ झाले होते. म्हणजे मृत मुलाचे स्वतःचे नाव गळून वडिलांचे नाव उरले होते. पुरडच्या विकास जनार्दन कुळमेथे यांचे नाव ‘के विकास जनार्दन’ असे आले, तेथे निदान स्वतःचे नाव टिकले, आडनावाचे मात्र एकच अक्षर राहिले. दक्षिणेकडील नावांच्या पद्धतीला सोयीचे असे हे लेखन कोणी मुद्दाम केलेले नसते, पण ते दूरचित्रवाणीवर आणि वृत्तपत्रांत एकदा फिरले की गावाबाहेरच्या जगाला तेच नाव ठाऊक होते. गावच्या फलकावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हे तिन्ही पूर्ण असलेच पाहिजेत, असा आग्रह या कामात धरावा लागतो तो यासाठी.

एवढ्याने काम संपत नाही. घरात एका नावाने हाक मारलेली असते, शाळेच्या दाखल्यावर दुसरे असते, सेवापुस्तकात तिसऱ्या प्रकारे लिहिलेले असते, आणि मजकूर करणाऱ्याने कोणता कागद प्रमाण मानावा हे कोणत्याही नियमात सांगितलेले नाही. जन्मतारखेचा घोळ तर जवळजवळ प्रत्येक घरात निघतो, कारण एका पिढीपर्यंत खेड्यातील मुलांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने लावलेली असे. दाखल्यावर जूनमधली तारीख असते आणि आई सांगते की पोळ्याच्या आदल्या दिवशीचा जन्म, घरात बैल धुणे चालले होते. सेवापुस्तक, निवृत्तिवेतनाचे कागद आणि विमा यांत एकच तारीख चालत आलेली असल्यामुळे फलकावर तीच घालावी लागते, आणि आईला ते समजावून सांगावे लागते. काही घरांत यावर एक साधा मार्ग निघाला आहे: फलकावर जन्माचे केवळ वर्ष द्यायचे आणि मृत्यूची तारीख मात्र पूर्ण द्यायची. हा मार्ग सर्वत्र स्वीकारण्यासारखा आहे.

मजकूर घरी दाखवायला नेला जातो तेव्हा जे घडते ते जवळून पाहण्यासारखे असते. छापलेला कागद खाटेवर पसरला जातो, वडील चष्मा शोधतात, शाळेत जाणारी पुतणी मोठ्याने वाचून दाखवते, आणि सगळे ऐकून घेतल्यावर आई बहुधा एकच गोष्ट विचारते, की गावाचे नाव कुठे आहे. गावातच उभ्या राहणाऱ्या दगडावर गावाचे नाव कशाला, असा प्रश्न बाहेरच्याला पडेल. परंतु मुलगा परराज्यात वर्षानुवर्षे ‘महाराष्ट्रवाला’ म्हणूनच ओळखला गेल्यावर त्याच्या नावाखाली मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा हे सारे असावे अशी तिची इच्छा असते, आणि ती नेहमी मान्य करावी. मजकूर मंजूर झाल्याची खूण म्हणून कागदाच्या कोपऱ्यात सही किंवा अंगठा घेतला जातो, आणि तो कागद पुढे दगडाइतकाच जपून ठेवण्याजोगा ठरतो.

दगड बहुधा दक्षिणेतून येणारा काळा ग्रॅनाइट असतो. वऱ्हाडातील स्वतःचा काळा पाषाण, ज्याला भूशास्त्रात बसाल्ट म्हणतात, टिकाऊ आहे, पण त्याच्या पोटात बारीक छिद्रे असतात आणि लहान अक्षरांना तो साथ देत नाही. ग्रॅनाइटच्या गुळगुळीत तोंडावर चिकट रबरी पत्रा बसवून त्यातून अक्षरांचा आकार कापून काढतात आणि उघड्या भागावर हवेच्या दाबाने वाळूचा मारा करतात, त्यामुळे दगड तेवढाच खोल जातो आणि मग त्या खोलीत रंग भरतात. देवनागरीत या पद्धतीची एक खास अडचण आहे. ‘ठ’, ‘व’, ‘ब’ यांसारख्या अक्षरांच्या पोटातील रबराचा इवलासा तुकडा दगडावर एकटाच चिकटलेला राहतो, आणि वाळूच्या माऱ्यात तो उडाला की अक्षराच्या जागी दगडात नुसता खळगा पडतो, जो पुन्हा भरून येत नाही. जाणता कारागीर मारा सुरू करण्यापूर्वी असे प्रत्येक पोट बोटाने दाबून पाहतो. अनुस्वार आणि रफार यांच्याबाबतही हीच सावधगिरी लागते, कारण एक टिंब गेले तरी आडनाव बदलते आणि दगडावरची चूक दुरुस्त करायची म्हणजे सगळी पाटी नव्याने करायची.

मजकुरात काय असू नये, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. हल्ला करणाऱ्यांची किंवा त्यांच्या संघटनेची नावे फलकावर घालावीत अशी सूचना क्वचित येते आणि ती न घालण्याकडेच गावाचा कल असतो. गावच्या दगडावर त्यांना जागा देण्याचे कारणच नाही. अवघड असते ती दुसरी नावे गाळणे. स्मारकाच्या पायथ्याशी बसणाऱ्या कोनशिलेवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, निधी देणारे आणि त्यांची पदे अशी इतकी नावे येतात की ज्याच्यासाठी हे उभारले त्याचे नाव वर एका ओळीत उरते आणि खाली जिवंतांच्या दहा ओळी होतात. हा प्रघात बदलला पाहिजे. जिवंत माणसांनी केलेल्या मदतीची नोंद ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात होऊ शकते, दगडावर ती जागा मृताची आहे, आणि जेथे माजी सैनिकांनी हा आग्रह शेवटपर्यंत धरला तेथे पुढाऱ्यांनीही तो विनातक्रार मानल्याचा अनुभव आहे.

गावाचे नाव हेच स्मारक करण्याची रीत अमरावती जिल्ह्याला परकी नाही. ऑगस्ट १९४२ च्या आंदोलनात माणसे गमावलेली यावली आणि बेनोडा ही गावे आज यावली शहीद आणि बेनोडा शहीद म्हणून ओळखली जातात, एसटीच्या पाटीवरही तसेच लिहिले जाते, आणि तिकीट मागताना प्रवासी दिवसातून कितीतरी वेळा तो उच्चार करतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी राज्य शासनाने ठिकठिकाणी हुतात्मा स्मारके बांधली, परंतु त्यांतील अनेक इमारतींना पुढे कोणी वाली राहिला नाही, तर गावाच्या नावात मिसळलेले स्मारक देखभालीविना टिकले. मुंबईवरील हल्ल्यात मृत्यू पावलेले राज्य राखीव पोलीस दलाचे राहुल शिंदे यांच्या सोलापूर जिल्ह्यातील सुलतानपूर गावाने राहुलनगर हे नाव घेतले, हेही याच वाटेने जाणारे उदाहरण आहे. मेळघाटातील कोरकू समाजाची रीत याहून जुनी आहे: मृतासाठी सिडोली हा विधी करताना सागवानी लाकडाची कोरीव पाटी उभी करतात, तिला मुंडा म्हणतात, आणि तिच्यावर चंद्र, सूर्य व घोडेस्वार कोरलेले असतात. मुंड्यावर अक्षरे नसतात, पण तो उभारण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेले असते, आणि आजच्या ग्रॅनाइटच्या स्मारकांना नेमकी हीच गोष्ट मिळालेली नाही.

उद्घाटनानंतरच्या वर्षांत ती उणीव जाणवू लागते. पहिल्या स्मृतिदिनी गाव लोटते, दुसऱ्या वर्षी शाळेची प्रभातफेरी निघते, आणि पाचव्या वर्षापर्यंत हार घालायला घरचे लोक, एक-दोन माजी सैनिक आणि मुख्याध्यापक एवढेच उरतात. १८ सप्टेंबर ही तारीख गणेशोत्सवाच्या किंवा पितृपक्षाच्या आसपास येते आणि १४ फेब्रुवारीला दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर किंवा सुरू असतात, त्यामुळे कार्यक्रम आखणाऱ्यांना दरवर्षी तीच ओढाताण करावी लागते. गर्दी ओसरण्यात गावाचा दोष नाही. शेती, कर्ज आणि पाऊस यांतच वर्ष सरते. मात्र जवानाला प्रत्यक्ष ओळखणारी पिढी मागे सरत असताना जी मुले त्याच्या मृत्यूनंतर जन्मली ती आता शाळेत त्या चौथऱ्याशेजारी खेळत आहेत, आणि त्यांना त्याच्याविषयी जे काही कळायचे ते बहुतांशी दगडावरूनच कळणार आहे. म्हणूनच केवळ नाव व हुद्दा यांवर न थांबता तो कोणत्या शाळेत शिकला, कोणता खेळ खेळत असे, कधी भरती झाला, अशा दोन-चार ओळी फलकावर असाव्यात, आणि जेथे त्या आहेत तेथे मुले त्या वाचतात, त्याच शाळेचे नाव पाहून थांबतात, असे शिक्षक सांगतात.

देखभालीसाठी काही गावांनी चालवलेली पद्धत इतरांनी उचलावी अशी आहे. घरच्यांनी सही केलेल्या मजकुराच्या तीन प्रती केल्या जातात, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक शाळेत आणि एक कुटुंबाकडे राहते, म्हणजे दगड फुटला किंवा शाळेची इमारत पाडून नवी बांधली तरी तोच मजकूर त्याच शुद्धलेखनासह पुन्हा कोरता येतो. ग्रामपंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात स्मारकाच्या रंगासाठी आणि दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम दाखवली जाते, लहान का असेना, कारण वर्गणी पहिल्या वर्षी मिळते आणि नंतर मिळत नाही. १४ फेब्रुवारीचा स्मृतिदिन असलेल्या गावात अक्षरांतील रंग जानेवारीत, तुरीची कापणी आटोपल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी भरला जातो. सप्टेंबरची तारीख असलेल्या गावात मात्र पावसाळ्यात दगड ओला असतो, ओल्या दगडावर रंग धरत नाही, म्हणून तेथे हे काम मे महिन्यातच सकाळच्या उन्हात उरकून घ्यावे लागते.